पेशींची विषाणूविरोधी यंत्रणा आणि तिचे लगाम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पावसाळ्यात डेंग्यू-चिकुनगुन्याचे रुग्ण वाढले की प्रतिकारशक्तीबद्दलचे प्रश्नही वाढतात. कॉलेज रोडवरची बी.एस्सी.-एम.एस्सी.ची मुलं, दवाखान्यातल्या सिस्टर, निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार, आजारी लेकरांचे आईवडील, अशा सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचा रोख ‘प्रतिकारशक्ती वाढवायची कशी’ याकडे असतो. ती आवरली कशी जाते हे समजल्याशिवाय तिचं बाकी काहीच नीट समजत नाही असं माझं ठाम मत आहे, म्हणून या पानाचा भर तिथे आहे. एकाच गोष्टीची पुनरावृत्ती टाळायला प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. औषधांचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

१. मॅडम, प्रतिकारशक्ती म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी ना? मग साध्या पेशीला स्वतःची प्रतिकारशक्ती असते म्हणजे काय?

पांढऱ्या पेशी हा तिचा एक भाग झाला. नाकाच्या आतलं अस्तर, यकृत, स्नायू, मेंदू यांतली जवळपास प्रत्येक पेशी विषाणू आत शिरल्यावर स्वतः प्रतिकार करते आणि तोही काही तासांत. नव्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो. तोवर किल्ला याच पेशी लढवतात.

१९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान यांनी उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्याच्या तुकड्यांवर सोडला. ते तुकडे असं एक द्रव्य बाहेर टाकत होते की त्यात ठेवलेल्या ताज्या तुकड्यांमध्येही विषाणू वाढेना. त्या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं. या पानावरचा जवळपास प्रत्येक प्रश्न फिरून इंटरफेरॉनपाशीच येतो.

२. विषाणू आत आलाय हे पेशी ओळखते कशी?

मुख्यतः त्याच्या आरएनए-डीएनएवरून. पेशीद्रवात काही सेन्सर प्रथिनं असतात. रिग-आय हे प्रथिन दुपदरी आरएनएची आखूड टोकं ओळखतं, विशेषतः ज्या टोकावर तीन फॉस्फेट उघडे आहेत अशी. एमडीए-५ लांबलचक दुपदरी आरएनए पकडतं. सीगॅस डीएनए पकडतं. यांशिवाय टोल-सदृश ग्राहक (ग्राहक म्हणजे ठरावीक रेणू पकडून निरोप देणारी प्रथिनं, रिसेप्टर) पेशीने गिळलेल्या मालावर लक्ष ठेवतात.

रिग-आय आणि एमडीए-५ आपला निरोप मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) बाहेरच्या पडद्यावरच्या मॅव्हस या प्रथिनाला देतात. सीगॅस मात्र सीगॅम्प नावाचा छोटा रेणू बनवतं आणि तो स्टिंग या प्रथिनाला जाऊन चिकटतो. दोन्ही वाटा पुढे टीबीके-१ या एन्झाइमपाशी एकत्र येतात. ते आयआरएफ-३ ला फॉस्फेट लावतं, आयआरएफ-३ केंद्रकात जातं आणि इंटरफेरॉनचं जनुक चालू होतं. बाहेर पडलेलं इंटरफेरॉन त्या पेशीच्या आणि शेजारच्या पेशींच्या ग्राहकांना चिकटतं, जॅक आणि स्टॅट ही प्रथिनं कामाला लागतात आणि शेकडो विषाणूविरोधी जनुकं जागी होतात.

सीगॅसचा शोध झिजियान चेन यांच्या प्रयोगशाळेतला, २०१२-१३ चा. त्यासाठी त्यांना २०२४ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे आज एम.एस्सी.ला असलेली मुलं प्राथमिक शाळेत होती तेव्हा हे प्रकरण कुठल्याच पाठ्यपुस्तकात नव्हतं.

३. एवढी चांगली यंत्रणा असेल तर ती सतत चालू का ठेवत नाहीत? आवरायचं कशाला?

कारण तिची हत्यारं विषाणूपुरती मर्यादित नाहीत. पीकेआर हे एन्झाइम पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवतं, त्यात विषाणूची प्रथिनं थांबतात आणि पेशीचीही. आरएनेज-एल विषाणूचा आरएनए तोडतं आणि पेशीचा स्वतःचाही. त्यापुढे पेशी मरूही शकते. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसंच हे. ताप, अंगदुखी, गळून गेल्यासारखं वाटणं, यांतलं बरंचसं इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीच्या रसायनांमुळे होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. इंटरफेरॉनमुळे जागी होणाऱ्या जनुकांत रिग-आय, एमडीए-५ आणि सीगॅस हेही आहेत. इशारा मिळाला की सेन्सर वाढतात, सेन्सर वाढले की इशारा आणखी तीव्र होतो. असं चक्र आपोआप थांबत नाही, ते थांबवावं लागतं. त्यासाठी पेशीने दर पायरीवर वेगळी तजवीज केली आहे. प्रश्न ४ ते ७ त्याबद्दल आहेत.

४. आपल्या पेशीतही आरएनए-डीएनए खच्चून भरलेला असतो. मग सेन्सर त्यावरच का उठत नाहीत?

मला सर्वांत आवडणारा प्रश्न हाच. याचं उत्तर एका ओळीत मावत नाही, कारण आरएनएसाठी उपाय वेगळे आणि डीएनएसाठी वेगळे आहेत.

आधी आरएनए. आपल्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावरचे तीन फॉस्फेट उघडे राहत नाहीत, त्यांवर टोपी चढवलेली असते. टोपीशेजारच्या पहिल्या अक्षरावर मिथाइलचा एक छोटा गट लावलेला असतो. रिग-आयला हे टोक पकडायला जमत नाही. पण दुपदरी आरएनएचा प्रश्न उरतोच. आपल्या जीनोमचा (एकूण डीएनएचा) सुमारे १० टक्के भाग आलू नावाच्या तुकड्यांनी व्यापला आहे, त्यांच्या १० लाखांहून जास्त प्रती आहेत. दोन आलू एकमेकांच्या उलट दिशेने शेजारी आले तर त्यांचा आरएनए स्वतःवर दुमडून दुपदरी होतो आणि एमडीए-५ ला तो विषाणूसारखाच वाटतो. इथे एडार-१ हे एन्झाइम मदतीला येतं. ते या दुपदरी भागातली काही ‘ए’ अक्षरं बदलून ‘आय’ करतं, त्यामुळे पदर नीट जुळत नाहीत आणि एमडीए-५ ची पकड सुटते. अक्षरं बदलू न शकणारा एडार-१ असलेली उंदराची पिल्लं गर्भातच मरतात. त्याच पिल्लांतून एमडीए-५ काढून टाकलं तर ती जगतात. म्हणजे त्यांचा जीव जात होता तो स्वतःच्याच आरएनएविरुद्धच्या इशाऱ्यामुळे.

आता डीएनए. पूर्वी असं शिकवायचे की सीगॅस पेशीद्रवात आणि डीएनए केंद्रकात, म्हणून गाठच पडत नाही. ते अपुरं होतं. सीगॅसचा बराचसा साठा केंद्रकातच असतो. तिथे डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि हिस्टोनच्या पृष्ठभागावरच्या एका आम्लधर्मी भागाला सीगॅस घट्ट चिकटून बसतं. डीएनए पकडायची त्याची जागाच त्यामुळे अडते. २०२० मध्ये अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी ही रचना दाखवली. केंद्रकाचा पडदा फाटला तर बॅफ नावाचं छोटं प्रथिन डीएनएवर दाटी करून सीगॅसला जागा मिळू देत नाही. आणि पेशीद्रवात भरकटलेले डीएनएचे तुकडे ट्रेक्स-१ हे एन्झाइम टोकाकडून कुरतडून संपवतं.

५. सेन्सर ‘गप्प’ असतो म्हणजे नक्की काय? तो बंद असतो की झोपलेला?

रिग-आय जवळून पाहू. या रेणूचे तीन भाग धरा. पुढे कार्ड नावाचे दोन गोळे, मध्ये आरएनएला विळखा घालणारा भाग आणि मागे टोक पकडणारी शेपूट. एरवी कार्डचे गोळे मधल्या भागावर दुमडून बसलेले असतात, मॅव्हसला ते दिसतच नाहीत. शेपटीत तीन फॉस्फेटवालं टोक सापडलं की मधला भाग आरएनएभोवती आवळतो आणि गोळे सुटे होतात.

इतक्यानेही काम होत नाही. कार्डवर दोन ठरावीक जागी, आठव्या सेरिनवर आणि १७० व्या थ्रिओनिनवर (ही दोन्ही प्रथिनाच्या साखळीतली अमिनो आम्लं), फॉस्फेट लावून ठेवलेले असतात. ते पीपी-१ या एन्झाइमने काढावे लागतात. मग युबिक्विटिनच्या साखळ्यांच्या आधाराने (प्रश्न ६) चार रेणूंचे कार्ड एकत्र येऊन वळसेदार रचना होते, आणि त्या रचनेवर मॅव्हसचे रेणू एकाला एक लागत लांब तंतू बनतो.

मधला भाग एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, तोडत असतो, त्याचाही उपयोग आहे. चुकून आपल्याच आरएनएवर बसलेला रिग-आय एटीपी तुटताना तिथून सुटतो. विषाणूच्या टोकावर शेपटीची पकड पक्की असल्याने तो तिथे टिकतो. ज्यांच्या रिग-आयची ही एटीपी तोडायची क्षमता बिघडलेली आहे, अशा लोकांत सिंगलटन-मर्टन सिंड्रोम हा आजार दिसतो.

एवढ्या अटी कशासाठी, याचं उत्तर मॅव्हसच्या तंतूत आहे. एकदा तंतू वाढू लागला की तो शेजारच्या मॅव्हसलाही ओढून घेतो, परत फिरणं फार अवघड. म्हणून सगळी खातरजमा त्याआधी.

६. पुस्तकातल्या प्रत्येक आकृतीत युबिक्विटिन येतं. ते चालू करतं की बंद?

दोन्ही, साखळी कोणत्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. एकमेकांना ६३ व्या जागच्या लायसिन या अमिनो आम्लावर जोडलेली साखळी प्रथिनांना एकत्र धरून इशारा पुढे नेते. ४८ व्या लायसिनवर जोडलेली साखळी त्या प्रथिनाला प्रोटिएसोमकडे, म्हणजे तोडणीला पाठवते.

ट्रिम-२५ आणि रिपलेट ही एन्झाइमं पहिल्या प्रकाराने रिग-आयला बळ देतात. आरएनएफ-१२५ दुसऱ्या प्रकाराने रिग-आय आणि एमडीए-५ संपवतं. एआयपी-४ हे एन्झाइम पीसीबीपी-२ च्या मध्यस्थीने मॅव्हसची विल्हेवाट लावतं. सीवायएलडी आणि ए-२० ही मंडळी इशारा पुढे नेणाऱ्या जोडण्या मोडून काढतात. ए-२० च्या जनुकाची दोनांपैकी एक प्रत जरी बिघडली तरी लहानपणापासून ताप, तोंडात आणि जननेंद्रियांवर व्रण असा त्रास होऊ शकतो. २०१६ मध्ये तो वेगळा आजार म्हणून ओळखला गेला.

परीक्षेला बसणाऱ्यांनी ६३ आणि ४८ यांची गल्लत करू नये. उत्तरपत्रिकांत ती हमखास दिसते.

७. विषाणू गेल्यावर इंटरफेरॉन थांबतं कसं?

एकाच जागी नव्हे, चारपाच ठिकाणी. इंटरफेरॉन-बीटाचा (अल्फा आणि बीटा हे इंटरफेरॉनचे प्रकार) संदेशवाहक आरएनए मुळातच अल्पायुषी असतो. स्टिंग इशारा देण्यासाठी पेशीतल्या गॉल्जी या भागापर्यंत प्रवास करतं आणि तिथूनच पुढे लायसोसोम या पचनाच्या पिशवीत जाऊन पचतं, म्हणजे काम झालं की तो रेणूच संपतो. वापरलेलं आयआरएफ-३ देखील तोडलं जातं.

ग्राहकाच्या बाजूला दोन लगाम आहेत आणि त्यांचा वेग वेगळा आहे. सॉक्स-१ लवकर तयार होतं, जॅकला अडवतं आणि ओसरतं. यूएसपी-१८ उशिरा येतं पण खूप वेळ टिकतं. ते इंटरफेरॉन ग्राहकाच्या आयएफएनएआर-२ या भागाला आतून चिकटतं आणि तिथलं जॅक प्रथिन काम करू शकत नाही. अशी पेशी पुढचा बराच काळ इंटरफेरॉन-अल्फाला जवळपास दाद देत नाही, बीटाला थोडीफार देते. हे दोन्ही लगाम इंटरफेरॉननेच जागे केलेल्या जनुकांतून येतात. यूएसपी-१८ लक्षात ठेवा, प्रश्न ८, ९ आणि १६ मध्ये ते पुन्हा येणार आहे.

८. हे लगाम जन्मतःच नसतील तर काय होतं?

सर्वांत जास्त अभ्यासलेला आजार म्हणजे एकार्डी-गुतिएर सिंड्रोम. जाँ एकार्डी आणि फ्रान्स्वाज गुतिएर यांनी १९८४ मध्ये त्याचं वर्णन केलं. बाळाचा मेंदू नीट वाढत नाही, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत कॅल्शियम साठलेलं दिसतं, हातापायाच्या बोटांवर थंडीने सुजल्यासारखे लाल चट्टे येतात. चित्र हुबेहूब गर्भात विषाणूची लागण झाल्यासारखं, पण विषाणू कुठेच सापडत नाही. दोष ट्रेक्स-१, एडार-१, आरएनेज एच-२, सॅमएचडी-१ अशा जनुकांत असतो, किंवा एमडीए-५ जास्तच तापट झालेलं असतं. यूएसपी-१८ नसलेल्या बाळांतही असंच चित्र दिसतं, फार तीव्र. स्टिंग सतत चालू राहिलं तर सॅव्ही हा आजार होतो. त्यात कान, नाक, बोटं यांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या आणि फुप्फुसं खराब होतात.

‘रक्त तपासून कळेल का’ हा पालकांचा पुढचा प्रश्न असतो. सीबीसी किंवा सीआरपी या रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांवरून कळत नाही. रक्तातलं इंटरफेरॉन इतकं थोडं असतं की ते थेट मोजणं अवघड. म्हणून त्याने जागी केलेली ठरावीक जनुकं किती चालू आहेत हे मोजतात. गोदेला पूर आला की आपण पाऊस किती मिलिमीटर झाला ते विचारत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते पाहतो, तसं हे मोजमाप आहे. पक्कं निदान जनुकीय तपासणीने होतं. हे आजार फार दुर्मीळ आहेत, पण घरात आधीच्या मुलाला ‘गर्भातली लागण’ असं सांगितलं गेलं असेल आणि जंतू कधीच सापडला नसेल, तर जनुकतज्ज्ञांना जरूर भेटा. पुढच्या गरोदरपणासाठी ती माहिती मोलाची ठरते.

उपचारात जॅक प्रथिनं रोखणारी औषधं, बॅरिसिटिनिब आणि रक्सोलिटिनिब, वापरली गेली आहेत. यूएसपी-१८ नसलेल्या एका बाळाला रक्सोलिटिनिबने आराम पडल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदूची झालेली हानी मात्र त्यांनी भरून येत नाही, म्हणून निदान लवकर होण्याला इतकं महत्त्व आहे.

९. आयएसजी-१५ विषाणूविरोधी आहे असं पुस्तकात आहे. मग ते नसलेल्या मुलांना विषाणूंचे आजार जास्त का होत नाहीत?

आयएसजी-१५ हे इंटरफेरॉनने जागं होणाऱ्या एका जनुकाचं प्रथिन. पुस्तकातला बराच भाग उंदरांवरून आलेला आहे. उंदरात आयएसजी-१५ काढलं तर काही विषाणू खरोखर बळावतात. माणसात त्याचं एक मोठं काम वेगळंच निघालं, यूएसपी-१८ ला तुटण्यापासून वाचवणं. ते नसलं तर यूएसपी-१८ टिकत नाही, लगाम सैल पडतो आणि इंटरफेरॉनचा परिणाम लांबत जातो. त्यामुळे ही मुलं विषाणूंना पुरून उरतात, पण मेंदूत कॅल्शियम साठण्यासारख्या खुणा त्यांच्यात दिसतात.

त्यांचं दुखणं दुसरीकडे निघतं. पेशीबाहेर सोडलेलं आयएसजी-१५ गॅमा इंटरफेरॉन या आणखी एका प्रकाराच्या निर्मितीला मदत करतं, आणि ते क्षयाच्या जातकुळीतल्या जिवाणूंशी लढायला लागतं. २०१२ मध्ये ओळखल्या गेलेल्या पहिल्या रुग्णांना बीसीजी लशीतल्या जिवाणूचाच आजार झाला होता. म्हणून बीसीजी घेऊ नये असा अर्थ कुणी काढू नये. आपल्याकडे ती जन्मतः देतात ते योग्यच आहे. हा दोष विरळा.

१०. डेंग्यूचा विषाणू ही यंत्रणा बंद पाडतो असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. डेंग्यूचं एनएस-५ हे प्रथिन स्टॅट-२ तोडायला लावतं, आणि त्याचा प्रोटिएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) माणसाचं स्टिंग कापतो. उंदराचं स्टिंग त्याला कापता येत नाही. साधे उंदीर डेंग्यूच्या अभ्यासाला का चालत नाहीत, याची काही कारणं इथे आहेत. फ्लूचं एनएस-१ ट्रिम-२५ ला अडवतं. गोवर आणि निपाहचं व्ही प्रथिन एमडीए-५ ला धरून ठेवतं. हिपॅटायटिस सीचा प्रोटिएज मॅव्हसला मायटोकॉन्ड्रियापासून कापून सोडवतो. या यादीकडे नीट पाहा. प्रश्न २ मधल्या साखळीची जवळपास प्रत्येक कडी कुठल्यातरी विषाणूने लक्ष्य केलेली आहे. कोणती कडी महत्त्वाची आहे हे शास्त्रज्ञांना बऱ्याचदा विषाणूंनीच दाखवून दिलं.

११. २०२७ च्या सिंहस्थाला गर्दी होणार. त्याआधी इम्युनिटी बूस्ट करायला काय घ्यावं?

‘बूस्ट’ करायला काही घेऊ नका. प्रश्न ३ आणि ८ वाचले असतील तर कळेल की सरसकट वाढलेलं इंटरफेरॉन हा आजार आहे. एखाद्या काढ्याने किंवा गोळीने ते खरंच वाढत असेल तर ती काळजीची गोष्ट ठरेल. गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला होता. तुम्हाला यकृताचा किंवा थायरॉइड-संधिवातासारखा स्वप्रतिकाराचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं काही सुरू करू नका.

करण्यासारख्या गोष्टी ठाऊक असलेल्याच आहेत. वयस्कर मंडळींनी आणि मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घ्यावी, हात धुवावेत, उकळलेलं किंवा खात्रीचं पाणी प्यावं, पुरेशी झोप घ्यावी, घराभोवती पाणी साचू देऊ नये. लस शरीराला नेमक्या एका शत्रूची ओळख करून देते, सगळी यंत्रणा बेफाम सोडत नाही. फरक तिथेच आहे.

१२. कोविडमध्ये इंटरफेरॉन कमी पडलं की जास्त झालं? कुणी एक सांगतं, कुणी दुसरं.

दोघंही बरोबर सांगतात, फक्त वेगवेगळ्या दिवसांबद्दल. सुरुवातीला इंटरफेरॉन मिळालं नाही तर विषाणू मोकाट वाढतो. २०२० मध्ये जीवघेण्या कोविड न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं सापडली. त्यातले ९५ पुरुष होते. अशी प्रतिपिंडं उतारवयात जास्त आढळतात. उलट, आजार आठवडाभराने फुप्फुसात मुरल्यावर इंटरफेरॉन आणि दाहाची रसायनं चालूच राहिली तर ती फुप्फुसाचं नुकसान वाढवतात.

म्हणूनच रुग्णालयात दाखल झालेल्यांना इंटरफेरॉन-बीटा देऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत, आणि त्याच टप्प्यावर जॅक रोखणाऱ्या बॅरिसिटिनिबचा उपयोग झाला. तेच इंटरफेरॉन पहिल्या दिवशी हवं असतं आणि दहाव्या दिवशी नको. हिपॅटायटिस बीसाठी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आजही वापरतात. ती घेणाऱ्यांना ताप, थकवा, कधी खोल उदासी येते, त्याचं कारण प्रश्न ३ मध्ये आहे. घरातलं कुणी ती घेत असेल तर त्यांच्या मनःस्थितीकडे जरूर लक्ष ठेवा.

१३. वटवाघळांच्या अंगात इतके विषाणू असतात तरी ती आजारी का पडत नाहीत? आणि बदकांना बर्ड फ्लू सोसतो, कोंबड्या का मरतात?

वटवाघळांचा विशेष हा की त्यांनी दोन्ही बाजू सांभाळल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या काळ्या फळखाऊ वटवाघळात थोडं इंटरफेरॉन-अल्फा कायम चालू असल्याचं २०१६ मध्ये दिसलं. दुसरीकडे, तपासलेल्या सगळ्या वटवाघळांच्या स्टिंगमध्ये ३५८ व्या जागचं सेरिन बदललेलं आहे, त्यामुळे डीएनएला मिळणारा प्रतिसाद मंद आहे. उडताना त्यांच्या शरीरात प्रचंड ऊर्जा खर्च होते आणि डीएनएची मोडतोड होते, म्हणून हा बदल टिकला असावा असा एक तर्क आहे. वटवाघळं आजारी न पडता विषाणू बाळगतात, त्याचा धोका मात्र आपल्याला असतो. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहविरोधी प्रतिपिंडं सापडल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं होतं. वटवाघळांनी उष्टावलेली फळं खाऊ नका. त्यांना मारू किंवा हुसकावूही नका.

कोंबडीचं उत्तर साधं आहे. तिच्याकडे रिग-आयचं जनुकच नाही, बदकाकडे आहे. कोंबडीला एमडीए-५ वर भागवावं लागतं. बर्ड फ्लूत दोघांच्या वागण्यातल्या फरकाचं हे एक कारण आहे, एकमेव नव्हे.

१४. आमच्या द्राक्षवेलीला इंटरफेरॉन असतं का? फवारता येईल का?

नाही आणि नाही. वनस्पती विषाणूचा दुपदरी आरएनए डायसर नावाच्या एन्झाइमने बारीक कापतात आणि त्याच तुकड्यांच्या आधारे उरलेला विषाणू शोधून तोडतात. वेलीला पानगुंडाळीचा विषाणू एकदा लागला की बागेत त्यावर औषध नाही. रोगमुक्त कलमं निवडणं आणि रोग पसरवणारा पिठ्या ढेकूण आटोक्यात ठेवणं एवढंच हाती राहतं.

१५. एमआरएनए लशीतला आरएनए तर बाहेरून आलेला. मग सेन्सर त्यावर का तुटून पडत नाहीत? आणि पेशी मरताना तिचा डीएनए सांडतो, त्याचं काय?

दोन वेगळे प्रश्न एकत्र येतात, म्हणून एकत्रच उत्तर. कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की युरिडिनसारखी काही अक्षरं थोडी बदलली, जशी ती आपल्या आरएनएत नैसर्गिकपणे बदललेली असतात, तर सेन्सर शांत राहतात. २०२३ चं नोबेल त्याबद्दलच. फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशींत हीच युक्ती आहे. तरीही थोडा इशारा उठतोच, आणि थोडा हवाही असतो, नाहीतर प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींना जाग येणार नाही.

मरणाऱ्या पेशीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. शरीरात रोज असंख्य पेशी ठरवून मरतात आणि त्यावेळी मायटोकॉन्ड्रियातून डीएनए बाहेर पडतो. सीगॅसने तो पकडायला हवा. पण मृत्यू घडवून आणणारे कॅस्पेज एन्झाइमच सीगॅस, मॅव्हस आणि आयआरएफ-३ कापून टाकतात. कॅस्पेज रोखून ठेवले तर तीच मरणारी पेशी इंटरफेरॉन बनवू लागते, हे २०१४ मध्ये दिसलं.

१६. आमच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. डॉक्टर म्हणाले की त्याचं इंटरफेरॉन जास्त आहे. मग साध्या सर्दीतही त्याला ॲडमिट का करावं लागतं?

इंटरफेरॉन ग्राहकाच्या दोन्ही भागांची जनुकं २१ व्या गुणसूत्रावर आहेत. तुमच्या मुलाकडे त्या गुणसूत्राच्या तीन प्रती असल्यामुळे ग्राहक जास्त, आणि नेहमीचा इंटरफेरॉनचा परिणामही जास्त. त्यातून यूएसपी-१८ सतत वाढलेलं राहतं (प्रश्न ७). मग खरा विषाणू येतो तेव्हा पेशी आधीच आवरलेल्या असतात आणि नव्या इंटरफेरॉनला हवी तशी दाद देत नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे चित्र स्पष्ट झालं. यात श्वसनमार्गाची रचना, हृदयाचे जन्मजात दोष अशी इतर कारणंही मिसळतात, त्यामुळे प्रत्येक मुलाचं प्रमाण वेगळं.

तुमच्या हातात काय आहे ते सांगते. त्याचं इंटरफेरॉन वाढवणारं किंवा दाबणारं काही स्वतःहून देऊ नका. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी द्या, न्यूमोकोकलची राहिली असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून पूर्ण करा. सर्दीत श्वास जोरात चालू लागला, बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा पिणं-खाणं थांबलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा, आणि तिथे डाउन सिंड्रोम आहे हे पहिल्यांदा सांगा.